लोकसंख्येचे भाकीत आणि शासनाचा विवेक

या शतकाच्या अखेरीस जगाची लोकसंख्या ११२० कोटींवर जाईल, असा अंदाज संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ साली वर्तविला होता. त्याच संस्थेने २०२४ साली तो आकडा १०२० कोटींवर आणला. अवघ्या नऊ वर्षांत शंभर कोटी माणसे कागदावरून नाहीशी झाली! तेव्हा अशा भाकितांवर भरवसा तरी किती ठेवावा, असा प्रश्न विचारी वाचकास पडल्यावाचून राहणार नाही.

त्याचे उत्तर भाकिताच्या घडणीतच आहे. पुढील वीस-पंचवीस वर्षांचे गणित बहुतांशी भक्कम असते. कारण त्या काळात माता होणाऱ्या बहुतेक स्त्रिया आज जन्मलेल्या आहेत. त्यापलीकडे मात्र ज्या अद्याप जन्मल्याच नाहीत, त्यांना मुले किती होतील हे गृहीत धरावे लागते. दर स्त्रीमागे अर्ध्या अपत्याची चूक झाली, तरी शतकाअखेरचा आकडा शेकडो कोटींनी बदलतो. म्हणजे हे भविष्यकथन नव्हे. ‘असे घडल्यास तसे होईल’ एवढेच सशर्त विधान होय.

शासनकर्ते ही अट विसरतात आणि अंदाजाला विधिलिखित मानतात, तेव्हा अनर्थ ओढवतो. लोकसंख्येच्या स्फोटाची भीती दाखवून आपल्याकडे १९७६ साली नसबंदीची सक्ती झाली. चीनने १९८० साली एका अपत्याचा दंडक घातला आणि २०२१ साली तीन अपत्यांना मुभा दिली. अंदाज दुरुस्त करता येतो. सक्तीने झालेली शस्त्रक्रिया नव्हे.

आज भीतीची दिशा उलटली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये देशाचा जननदर २.० वर, तर महाराष्ट्राचा १.७ वर आला होता. लोकसंख्या स्थिर राहण्यास तो सुमारे २.१ असावा लागतो. साहजिकच दक्षिणेतील काही नेते आता अधिक अपत्यांचे आवाहन करू लागले आहेत. काल ‘कमी’ म्हणून दटावले, आज ‘अधिक’ म्हणून विनवावयाचे. दोन्ही वेळा स्त्रीची इच्छा विचारावी, असे कोणास वाटत नाही.

त्यातच आपली २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. जिवंत माणसांची मोजदाद लांबवून न जन्मलेल्यांचे हिशेब मांडणे, हे शहाणपणाचे लक्षण खचित नव्हे. शतकाअखेरच्या आकड्याची चिंता वाहण्यापेक्षा आजच्या मुलींचे शिक्षण आणि उद्याच्या वृद्धांचा निर्वाह यांची तरतूद करावी. भाकीत खरे ठरो वा खोटे, ती तरतूद वाया जाणार नाही.