बर्फाने फोडलेली नळी

दोस्तांनो, मोटारीमागे जोडून ओढत न्यायचं घर पाहिलंय का कधी? अमेरिकेत आणि कॅनडात त्याला ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ म्हणतात. आत बिछाने, शेगडी, मोरी, पाण्याची टाकी आणि पंपसुद्धा! उन्हाळ्यात भटकून झालं की हिवाळाभर ट्रेलर उभा असतो. पण नळ्यांतलं पाणी काढायचं राहिलं, तर मात्र पंचाईत होते.

कारण पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. म्हणजे ११ पेले पाण्याचा बर्फ १२ पेल्यांची जागा मागतो! नळीत बर्फाचं बूच तयार होतं. ते वाढतं, तसं बूच आणि बंद तोटी यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावर दाब येतो. पाणी काही हवेसारखं दाबून लहान होत नाही. मग जो भाग सर्वांत कच्चा, तोच फुटतो. ट्रेलरमधल्या प्लॅस्टिकच्या नळ्या थोड्या ताणल्या जातात. जोड आणि व्हॉल्व्ह ताणले जात नाहीत, म्हणून बहुधा तेच तडकतात.

गंमत म्हणजे, बर्फ असेपर्यंत काही कळत नाही. तो वितळला की धार लागते! फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमधल्या डॅलसला पारा उणे १९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला, तेव्हा तिथल्या कितीतरी घरांचे पाइप असेच फुटले.

आता दुरुस्ती. एक गळती सापडली म्हणून थांबायचं नाही, बरं का! सगळ्या तोट्या बंद करून पंप लावायचा. दाब भरला की तो आपोआप थांबतो. तोटी न उघडताच पुन्हा घुरघुरला, तर गळती आहेच. प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा; ओला झाला की चोर सापडला! फुटलेला तुकडा सरळ कापून नवा बसवायचा. तडकलेला व्हॉल्व्ह बदलायचाच. चिकटपट्टी पंपाच्या दाबापुढे टिकत नाही. मग पुन्हा पंपाची परीक्षा. थेंबभर गळती राहिली, तरी लाकडी तळ हळूहळू कुजतो.

हे टाळायचं कसं? थंडीआधी टाकी, गीझर, नळ्या रिकाम्या करायच्या. व्हॉल्व्ह अर्धवट उघडे ठेवायचे, म्हणजे त्यांच्या पोटात पाणी अडकत नाही. नळ्यांत न गोठणारं द्रव भरतात, ते प्रॉपिलीन ग्लायकॉलचं. मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते बहुधा एथिलीन ग्लायकॉल, आणि ते विषारी असतं! म्हणून रंगावर जाऊ नये, डब्यावरचं नाव वाचावं.

आणि हो, एक प्रयोग. प्लॅस्टिकच्या बाटलीत पाऊण भाग पाणी भरा, रेघ मारा, आईबाबांना विचारून रात्रभर फ्रीजरमध्ये उभी ठेवा. काचेची बाटली मुळीच नको! सकाळी बर्फ रेघेच्या किती वर आला, ते मोजा.