हरकत घेणाऱ्यांचे उपद्रवमूल्य

शहरातल्या जमिनीचे निर्णय महापालिकेच्या सभागृहाकडून काढून घ्यावेत आणि जाणकारांकडे सोपवावेत, असा विचार हल्ली मोठ्या सभ्य भाषेत मांडला जातो. परवा एका विद्वानांनी व्याख्यानात तो पुन्हा मांडला आणि टाळ्याही मिळवल्या. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: नगरसेवक अडाणी, हरकती घेणारे रिकामटेकडे, या दोघांपायी विकास आराखडा वर्षानुवर्षे रखडतो आणि तोवर शहर हाताबाहेर जाते. उपाय म्हणजे तज्ज्ञांची आटोपशीर समिती, हरकती-सूचनांना जेमतेम मुदत आणि सढळ हाताने चटई क्षेत्र. मधूनमधून चीनचे उदाहरण. ते नसते तर व्याख्यान अपुरे वाटले असते.

चटई क्षेत्र वाढवले की घरे स्वस्त होतात, हे त्यांनी एकदा लोअर परळच्या पुलावर उभे राहून सांगावे. चीनबद्दल मी काही बोलत नाही, तिथे हरकत घेणाऱ्याचे काय होते ते त्यांनाच विचारा.

रखडण्याचा आरोप मात्र तपासून पाहण्याजोगा आहे. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा 2007 ते 2027 या वीस वर्षांसाठीचा. तो हरकतींसाठी लोकांपुढे आला 2013 मध्ये. म्हणजे पहिली सहा वर्षे रिकामटेकड्यांना नकाशाचे दर्शनही झाले नव्हते. मग सुमारे 87 हजार हरकती-सूचना आल्या. सुनावणी झाली, समितीत मतभेद झाले, आणि मार्च 2015 मध्ये राज्य सरकारने आराखडाच ताब्यात घेऊन अधिकाऱ्यांच्या समितीकडे दिला. मंजुरी मिळाली जानेवारी 2017 मध्ये, वीसपैकी दहा वर्षे उलटल्यावर. या दहा वर्षांतला सगळा उशीर ज्यांच्या माथी मारायचा, त्या नागरिकांच्या हातात काही आठवड्यांची मुदत होती.

मुंबईचा मसुदा तर तज्ज्ञांनी, सल्लागार नेमून, उपग्रह-नकाशे वापरून केलेला होता. 2015 च्या फेब्रुवारीत तो बाहेर आला आणि लोकांनी त्यात आपापली गल्ली शोधली. कुठे उभ्या इमारतीवरून रस्ता गेलेला, कुठे वारसा यादीतली वास्तू गायब, कुठे देवळाच्या, चर्चच्या जागी भलतेच काही. चटई क्षेत्र काही ठिकाणी थेट आठपर्यंत नेलेले. हरकतींचा एवढा ढीग पडला की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना तो मसुदा बाजूला ठेवून नव्याने काम करायला सांगावे लागले. आपली चाळ नकाशात नाही, हे ओळखायला नगररचनेची पदवी लागत नाही. त्या हरकती आल्या नसत्या तर आमच्या विद्वानांच्या मते आराखडा वेळेत झाला असता. झाला असता खरा.

पण त्यांच्या बोलण्यातला मला सर्वांत खटकलेला मुद्दा वेगळाच आहे. सभागृहात हितसंबंध असतात आणि समितीच्या खोलीत ते नसतात, हे त्यांनी गृहीतच धरले आहे. यावर गिरण्यांच्या जमिनीची हकीकत सांगायलाच हवी. ती जुनी आहे, अनेकांना पाठ आहे, तरी दर दहा वर्षांनी कोणीतरी ती विसरून व्याख्यान देतोच.

1982 च्या संपानंतर गिरणगाव विझत गेले. परळ, लालबाग, वरळीत मिळून सुमारे 600 एकर जमीन गिरण्यांच्या आवारांत अडकलेली होती. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम 58 ने या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे केले. एक तृतीयांश महापालिकेला मैदाने-उद्यानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला सामान्यांच्या घरांसाठी, उरलेली मालकाला. मालकांना हे पसंत पडण्याचे कारणच नव्हते, म्हणून त्यांनी जमीन विकायची घाई केली नाही. 1996 मध्ये सरकारने एका नामवंत वास्तुरचनाकाराच्या नेतृत्वाखाली अभ्यासगट नेमला. तज्ज्ञच की हो! त्यांनी सुट्या सुट्या गिरण्यांचे तुकडे न पाडता जमिनी एकत्र धरून सलग मोकळ्या जागा कशा मिळतील याचा आराखडा दिला. तो कपाटात गेला. तिथे त्याला कोणत्या नगरसेवकाने डांबले? कोणत्या हरकतवाल्याने?

मग 2001 मध्ये नियम 58 बदलला. वाटे तीनच राहिले, फक्त ते कशाचे करायचे ते बदलले: अख्ख्या आवाराऐवजी आवारातल्या मोकळ्या जागेचे. आता गिरणीचे आवार म्हणजे काय असते? सूतखाते, मागखाते, गोदामे, चिमणी आणि मध्ये थोडेसे अंगण. त्या अंगणाचे तीन वाटे झाले आणि बाकीचे मालकाकडे राहिले. हा बदल महापालिकेच्या गोंगाटी सभेत आयत्या वेळचा विषय म्हणून घुसवलेला नव्हता. मंत्रालयात, शांतपणे, नगररचनेची भाषा उत्तम येणाऱ्यांनी तो लिहिला होता. त्याचा अर्थ सामान्य मुंबईकराला कळेपर्यंत जमिनींचे व्यवहार होऊ लागले होते. प्रकरण न्यायालयात नेले ते नागरिकांनीच. उच्च न्यायालयाने 2005 मध्ये त्यांची बाजू उचलून धरली, सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2006 मध्ये नियम वैध ठरवला. नियम वैध ठरला म्हणजे तो शहराच्या भल्याचाही ठरला, असे मात्र न्यायालयाने म्हटलेले नाही. आज त्या भागात मॉल आहेत, काचेचे मनोरे आहेत, आणि संध्याकाळी फलाटावर जीव मुठीत धरून उभी असलेली माणसे आहेत. मैदान शोधून दाखवावे.

नगरसेवक साधू असतात, असे मी म्हणत नाही. पुण्याच्या मुख्य सभेत उपसूचनांच्या गठ्ठ्यातून आरक्षणे कशी सरकतात, ते मी पुरेसे पाहिले आहे. पण उपसूचनेवर सूचक-अनुमोदकाची सही असते. पाच वर्षांनी तोच माणूस हात जोडून दारात येतो. समितीतला सदस्य कोणाच्या दारात येतो?

शिवाय विद्वानांना हवा असलेला प्रयोग आयताच होऊन गेला आहे. मार्च 2022 मध्ये मुंबई आणि पुणे या दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि त्यापुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांनी सभागृहाविना कारभार केला. त्या काळात घरे स्वस्त झाली, नाले मोकळे झाले, पदपथ चालण्याजोगे झाले असे कोणाच्या लक्षात आले असेल तर कृपया कळवावे.

आरक्षणे तर काही न करताही मरतात. 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याचे कलम 127 पाहा. आराखड्याला दहा वर्षे झाली आणि जागा संपादन झाली नाही, की मालक नोटीस देतो. पूर्वी सहा महिने, मग बारा, आता चोवीस महिने थांबायचे. तेवढ्यात महापालिका हलली नाही तर शाळेचे, दवाखान्याचे आरक्षण गेले. न हलण्यात आपल्याकडचे प्रशासन वाकबगार आहेच.

जाता जाता एक जुना वाद. पुण्याच्या टेकड्यांवर चार टक्के बांधकाम होऊ द्या, म्हणजे उरलेले शहाण्णव टक्के जपले जातील, असा युक्तिवाद एकेकाळी फार जोरात होता. तेव्हाही तो करणारे स्वतःला व्यवहारी म्हणवत आणि आम्हाला भाबडे. सरकारने 2015 मध्ये 978 हेक्टरवरचे जैववैविध्य उद्यानाचे आरक्षण कायम केले, ते हजारो भाबड्यांनी वर्षानुवर्षे पत्रे लिहिली, टेकड्या चढल्या, मोर्चे काढले म्हणून. मोबदल्याचा घोळ अजून आहे, मालकांचे म्हणणे सगळेच चुकीचे नाही. पण टेकडीवर एकदा घरे झाली की कोणत्याच समितीला ती टेकडी परत आणता येत नाही. असो.

मग तुमचे म्हणणे काय, असे विचारले जाईल. माझे म्हणणे फार मोठे नाही. जमिनीचा वापर बदलायचा असेल तर सूचना राजपत्राच्या आणि वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात न दडवता त्या जमिनीवर फलक लावून, नकाशासह, मराठीत द्यावी. आरक्षण उठवायचे तर त्याच प्रभागात तेवढी जागा आधी दाखवावी, आणि मतदान नावानिशी नोंदवावे. हरकत फेटाळताना कारण लिहून द्यावे. ‘नोंद घेतली’ हे कारण नव्हे. 1915 च्या मुंबई नगररचना कायद्यातसुद्धा जमीनमालकाला लवादापुढे म्हणणे मांडता येत होते, आणि तो कायदा काही लोकमान्यांच्या अनुयायांनी केलेला नव्हता. राहता राहिली क्षेत्र सभा. मतदारांना आपल्या भागातल्या कामांबद्दल एकत्र बसून बोलता यावे, म्हणून राज्याने 2009 मध्ये तिची तरतूद कायद्यात घातली. आपल्या क्षेत्राची सभा भरलेली पाहिली आहे, असा एकही माणूस मला अजून भेटलेला नाही. विद्वानांच्या क्षेत्राचीही भरली नसणार. तिची मागणी करायला त्यांनी यावे, हरकतीच्या अर्जाचा मसुदा मी लिहून देईन.