माल आहे, पण सापडत नाही!

मालगुंड-गणपतीपुळे पट्ट्यातला आंबा आता वाशीच्या बाजाराबरोबर मोबाईलवरूनही विकला जातो. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. गिऱ्हाईक नाव विचारून माल मागते. पण दुकानाच्या यादीत शोधल्यावर माल दिसलाच नाही, तर ते दुसऱ्या दुकानात जाते. गोदाम भरलेले असून उपयोग काय?

आमचे स्पष्ट मत आहे की, यादीतल्या प्रत्येक रकान्याचा प्रकार मालकाने स्वतः बसून ठरवावा. संगणकवाल्या मुलावर सोडू नये. इलॅस्टिकसर्चसारख्या शोधयंत्रणेला आपण काही सांगितले नाही, तर ती पहिली नोंद पाहून अंदाज बांधते. पहिला भाव ९०० दिसला की रकाना पूर्णांकाचा होतो. मग पुढे ९५०.५० लिहिले, तरी शोधताना पन्नास पैसे गळतात.

भाव आकड्याच्या रकान्यात हवा. तो अक्षरे म्हणून ठेवला तर स्वस्त-महाग क्रम लावताना १२०० आधी येतात आणि ९०० नंतर. जीएसटीच्या एचएसएन कोडचे नेमके उलटे आहे. आंबा आणि खजूर दोन्ही ०८०४ मध्ये येतात. हा कोड आकडा म्हणून ठेवला तर पुढचे शून्य निरर्थक होते, आणि ०८ ने सुरू होणारी सगळी फळे व सुका मेवा सहज एकत्र काढता येत नाही. कोड, बिल नंबर, फोन नंबर यांची बेरीज कोणी करत नाही. ते 'कीवर्ड' प्रकारात, जसेच्या तसे ठेवावेत.

मालाचे नाव आणि वर्णन मात्र 'टेक्स्ट' प्रकारात हवे, म्हणजे एकेक शब्द सुटा शोधता येतो. इथे मराठीची अडचण आहे. 'आंबा' शोधणाऱ्याला 'आंब्याची पेटी' सापडत नाही, कारण यंत्राला ते दोन निराळे शब्द वाटतात. हिंदीसाठी केलेली सोय आपले चा-ची-चे ओळखत नाही. 'महंमद-मोहम्मद-मुहम्मद' यांचेही तेच. यावर उपाय म्हणजे समानार्थी शब्दांची यादी. ती दुकानदारानेच करून द्यावी, कारण गिऱ्हाईक काय म्हणून माल मागते हे त्यालाच ठाऊक असते.

हे काम नोंदी भरण्यापूर्वी करावे. एकदा ठरलेला प्रकार चालू सूचीत बदलता येत नाही. नवी सूची करून सगळा माल पुन्हा चढवावा लागतो. ऐन हंगामात ते कोणाला परवडणार?

कारागीर असो वा व्यापारी, आपल्या बांधवांनी कागद घ्यावा, रकाने आखावेत आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहावा: गिऱ्हाईक हे कसे विचारील? उत्तर मिळाले की प्रकार आपोआप ठरतो.