रविवारच्या वर्गाचे मोल

शिक्षण अर्धवट सुटलेल्यांसाठी १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले. अभ्यासकेंद्रांवरील रविवारच्या संपर्कसत्रांना अंगणवाडी सेविका, एसटीचे वाहक, पोलीस शिपाई, शेतकरी शेजारी शेजारी बसू शकतात, ही त्याची मोठी कमाई. अशा वर्गाला शिकवण्याचे समाधान वेगळेच असते. महागाईचा धडा निघाला की घर चालवणारी बाई थेट किराण्याचा हिशेब मांडते. सिंचनावर बोलताना शेतकरी असा प्रश्न टाकतो की पुस्तक मिटून त्याच्याच शेताबद्दल बोलावे लागते. इथे कुणी हजेरीसाठी येत नाही. जो येतो तो सुट्टीचा दिवस आणि कष्टाचे पैसे मोडून येतो. म्हणून शिक्षकालाही तयारीविना उभे राहता येत नाही, आणि घरी जाताना त्याच्या पदरात दोन नव्या गोष्टी पडलेल्या असतात. तरीही हे काम जोडकाम, फावल्या वेळचे मानले जाते, हे चूक आहे. प्रौढांना शिकवणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. त्याचे प्रशिक्षण मिळावे, मानधन वेळेवर हाती पडावे, पदोन्नतीत हा अनुभव धरला जावा. आणि अभ्यासकेंद्रांची ग्रंथालये रविवारी उघडी ठेवावीत. विद्यार्थी येतात तो हाच दिवस.