यंत्राबरोबर त्याची विद्याही हवाली करा

यंत्र विकत घेणाऱ्याला त्याची संपूर्ण मालकी मिळते की केवळ वहिवाट मिळते, हा प्रश्न वरकरणी कायदेपंडितांच्या वादाचा वाटतो. परंतु ज्याचे यंत्र ऐन हंगामात बंद पडते आणि गावच्या मिस्त्रीपाशी ते उघडण्याचे साधन वा माहिती नसल्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणाहून कंपनीचा माणूस येईपर्यंत ज्याला हातावर हात ठेवून बसावे लागते, त्या शेतकऱ्याच्या दृष्टीने तो रोजच्या भाकरीचा प्रश्न आहे. माझे स्पष्ट मत असे, की यंत्राबरोबर त्याच्या दुरुस्तीची समग्र विद्या, म्हणजे सुट्या भागांची क्रमांकवार यादी, जुळणीची चित्रे, फटींची आणि दाबांची मापे, दोष हुडकण्याची रीत, हे सर्व खरेदीदाराच्या भाषेत त्याच्या हवाली करणे हे कारखानदाराचे कर्तव्य ठरावे, आणि ते त्याच्या सौजन्यावर न सोपवता सरकारने त्याची पक्की तरतूद करावी. हा विचार माझ्या मनात पूर्वीपासून होताच. त्याला निश्चयाचे रूप आले ते मी राहतो त्या अमेरिकेतील इंडियाना राज्यात, एका शेतघराच्या लिलावात विकत घेतलेल्या आणि इथल्या हौशी मंडळींच्या साहाय्याने पुन्हा चालत्या केलेल्या एका जुन्या बागेच्या ट्रॅक्टरामुळे.

बागेचा ट्रॅक्टर ही वस्तू महाराष्ट्रातील वाचकांच्या फारशा परिचयाची नाही. आपल्या द्राक्षबागांच्या ओळींतून फिरणाऱ्या छोट्या डिझेल ट्रॅक्टराहूनही हे यंत्र लहान, एका सिलिंडरचे आणि पेट्रोलवर चालणारे असते. घराभोवतीच्या एक-दोन एकरांत गवत कापणे, भाजीचा तुकडा नांगरणे, हिवाळ्यात दारातला बर्फ लोटणे अशा कामांसाठी त्याची योजना असते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील शहरांच्या कडेने ऐसपैस आवारांची घरे उभी राहू लागली, तेव्हा शेतीची अवजारे करणाऱ्या बड्या कंपन्यांचे लक्ष या नव्या गिऱ्हाइकाकडे वळले, आणि शिकागोच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९६१ साली केंटकी राज्यातील लुईव्हिल येथील आपल्या कारखान्यातून ‘कब कॅडेट’ नावाचा सात अश्वशक्तीचा ट्रॅक्टर बाजारात आणला. त्याच कारखान्यात ‘फार्मॉल कब’ हा तिचा छोटा शेती-ट्रॅक्टर १९४७ पासून तयार होत होता, आणि नव्या यंत्राची मागची गिअरपेटी त्याच्याच घडणीवरून बेतलेली होती. दोन वर्षांनी, १९६३ साली, इंजिनाची शक्ती पट्ट्याऐवजी थेट शाफ्टने गिअरपेटीपर्यंत नेणारे ‘७०’ आणि ‘१००’ हे दोन नमुने निघाले. माझ्याकडे आलेला तो ‘१००’. आणि त्याच १९६३ साली हीच इंटरनॅशनल हार्वेस्टर, महिंद्र आणि व्होल्टास यांच्या भागीदारीने मुंबईत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली. तिच्या ‘बी-२७५’ ट्रॅक्टराचे नाव काढताच आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांच्या आणि मिस्त्रींच्या चेहऱ्यावर जी ओळख उमटते, तीच माझ्या परसातला हा पिवळा-पांढरा ट्रॅक्टर पाहताना इथल्या वृद्धांच्या चेहऱ्यावर उमटते.

या यंत्राच्या घडणीत मला जे तत्त्व दिसले ते असे, की ते झिजणार आहे आणि उघडले जाणार आहे हे गृहीत धरूनच त्याची आखणी झालेली आहे. त्याचे दहा अश्वशक्तीचे ‘के-२४१’ इंजिन कोहलर कंपनीचे. आपल्याकडे या कंपनीचे नाव स्नानगृहातील नळांवर वाचायला मिळते. इंजिनाचा ठोकळा बिडाचा, आणि सिलिंडर त्या बिडातच कोरलेला. सिलिंडर झिजला की तो लेथवाल्याकडून एका इंचाच्या दहा हजारांशांनी, पुढे वीस आणि त्याहीपुढे तीस हजारांशांनी वाढवून घ्यावा, आणि त्या त्या मापाचा पिस्टन व रिंगा बसवाव्यात, अशी सोय कारखान्यानेच करून ठेवलेली होती. पहिला बोअर, दुसरा बोअर ही आपल्या मिस्त्रींची नित्याची भाषा. तीच इथे यंत्राच्या जन्मापासून लिहून ठेवलेली आढळते. आज ज्या स्वस्त गवतकापणी यंत्रांचा बाजारात सुळसुळाट आहे, त्यांतील अनेकांची गिअरपेटी उघडण्याची तजवीजच केलेली नसते. ती बिघडली की बदलायची.

मी ट्रॅक्टर घरी आणला तेव्हा त्याचे इंजिन हाताने फिरत होते, दाब चांगला होता, परंतु प्लगवर ठिणगी पडत नव्हती. ज्यांनी स्कूटर सांभाळली आहे त्यांना सी. बी. पॉइंट आणि कंडेन्सर ही जोडी आठवत असेल. या इंजिनात ती जोडी बाहेरच्या अंगाला एका छोट्या झाकणाखाली बसवलेली असते, आणि आतल्या कॅमशाफ्टवरून येणारी एक बारीक काडी पॉइंटची उघडझाप करते. पॉइंटमधली फट वीस हजारांश इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर ठेवावी असे पुस्तक सांगते. शेजारच्या गावात राहणारे एक निवृत्त टूलमेकर, ज्यांच्या शेडमध्ये याच घराण्याचे अनेक ट्रॅक्टर उभे आहेत, ते पाहायला आले आणि फीलर गेज बाजूला ठेवून त्यांनी बारा व्होल्टचा एक साधा दिवा पॉइंटला जोडला. फ्लायव्हीलवर ‘एस’ हे अक्षर कोरलेले असते. ते न्याहाळण्यासाठी बेअरिंग-प्लेटला एक भोक ठेवलेले असते. त्यांनी मला फ्लायव्हील अगदी सावकाश फिरवायला सांगितले. ‘एस’ त्या भोकाच्या मध्यावर आले त्या क्षणी दिवा विझायला हवा, म्हणजे पॉइंट नेमके तिथे उघडतात असे समजावे. तो आधी विझला तर फट कमी करायची, उशिरा विझला तर वाढवायची. झिजलेल्या काडीमुळे आणि पॉइंटच्या खडबडीत पृष्ठामुळे नुसत्या फटीचे माप फसवे ठरते, आणि इंजिनाला हवा असतो तो ठिणगीचा क्षण. हा सूक्ष्म विवेक त्यांनी बोलता बोलता माझ्या हातात दिला. विशेष हे, की ही रीत त्यांची खासगी युक्ती नव्हती. कोहलरच्या छापील दुरुस्तीपुस्तकातही ती अक्षराच्या चिन्हासह दिलेली आहे. त्यांनी ती वाचली, वर्षानुवर्षे वापरली आणि तिच्यात अनुभवाची भर घातली.

दुसरा दोष अधिक बिकट होता. गिअरपेटीच्या तोंडाशी शाफ्टला जोडणाऱ्या कपलिंगमधून एक आडवी पिन जाते. क्लचच्या धक्क्यांनी तिचे भोक लांबट होते आणि प्रत्येक वेळी गाडी सुटताना खाडकन आवाज येतो. या नमुन्यांचा हा जुना आजार, आणि त्याचे औषध हौशी मंडळींत सर्वश्रुत आहे. टूलमेकरांनी तो शाफ्ट आपल्या यंत्रावर बांधून भोक सरळ आणि किंचित मोठे करून दिले, त्याला योग्य मापाची पिन बसवली, आणि मोबदल्याची गोष्ट काढताच हात हलवून ती नाकारली. शाळेच्या बसगाड्यांवर मेकॅनिक म्हणून नोकरी केलेल्या दुसऱ्या एका गृहस्थांनी स्टिअरिंग-पेटीतला सैलपणा काढताना मला शेजारी बसवून घेतले आणि स्क्रू किती आवळला म्हणजे चाक वळणाच्या टोकाला जड होते, ते माझ्याच हाताला जाणवू दिले. ही माणसे एकमेकांना भाग देतात, मापे देतात, आणि एखाद्याच्या निधनानंतर त्याच्या शेडमधला संग्रह भंगारात जाऊ नये म्हणून धावाधाव करतात. अशा निरपेक्ष सहकार्याविषयी मला नितांत आदर वाटतो.

परंतु या सद्भावनेच्या पायाशी एक कागदी आधार आहे, आणि त्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. इंटरनॅशनल हार्वेस्टरने आपला ‘कब कॅडेट’ विभाग १९८१ साली विकला, तिचा शेतीविभाग पुढे टेनेको कंपनीच्या हाती जाऊन ‘केस’मध्ये विलीन झाला, आणि १९८६ साली उरलेल्या कंपनीने नावही बदलून ‘नेव्हिस्टार’ केले. म्हणजे ज्या संस्थेने माझा ट्रॅक्टर घडवला ती त्या नावाने आज अस्तित्वातच नाही. तरीही तो दुरुस्त होऊ शकला, कारण तिने आपल्या हयातीत सुट्या भागांची पुस्तके आणि दुरुस्तीपुस्तके छापून कोणालाही विकली होती, आणि तिचे प्रचंड दफ्तर आज मॅडिसन येथील विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीत सांभाळले जाते. कारखाना बुडाला तरी विद्या लोकांपाशी राहिली. ती लोकांना कधी दिलीच नसती, तर त्या टूलमेकरांची सारी कुशलता आणि सारे औदार्य पणाला लागूनही काम निम्म्या वाटेवर अडले असते.

आता अगदी विपरीत स्थिती येऊ घातली आहे. नव्या मोठ्या ट्रॅक्टरांत इंजिनाचा कारभार संगणकाच्या हाती गेला आहे, आणि त्या संगणकाशी बोलण्याचे साधन कंपनी आपल्या विक्रेत्यांपलीकडे सहजासहजी जाऊ देत नाही. अमेरिकेत ट्रॅक्टरमालकाला स्वतःच्या यंत्रातील आज्ञावली दुरुस्तीसाठी उघडता यावी म्हणून २०१५ साली स्वामित्वहक्काच्या कायद्यातून खास सूट मिळवावी लागली. शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचा हक्क देणारा पहिला कायदा कोलोरॅडो राज्याने २०२३ साली केला. आणि २०२५ च्या जानेवारीत अमेरिकी संघराज्याच्या व्यापार आयोगाने याच विषयावर जॉन डीअर कंपनीला न्यायालयात खेचले. आपल्याकडेही पन्नास अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून ‘ट्रेम-४’ ही प्रदूषणमर्यादा लागू झाली असून तिच्यापायी इंधनाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले आहे. ती मर्यादा योग्यच आहे. मात्र ज्या मिस्त्रीने आयुष्यभर कानाने नोझल ओळखला, त्याच्यापुढे आता एक बंद पेटी आहे आणि तिच्यावर एक लाल दिवा आहे.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात एक माहितीस्थळही सुरू केले. ज्या चार क्षेत्रांचा त्यात समावेश आहे त्यांत शेतीची अवजारे आहेत. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु माहितीस्थळावर कंपनीने आपल्या सोयीने टाकलेला ग्राहकसेवेचा क्रमांक आणि वॉरंटीच्या अटी यांना मी दुरुस्तीची विद्या म्हणणार नाही. मिस्त्रीला हवे असते ते हेडच्या बोल्टांचा क्रम आणि आवळण्याचा जोर, व्हॉल्व्हची फट, पंपाची जुळणी, दोषसंकेताचा अर्थ. आणि हे सारे मराठीत. लोखंडी नांगर बनवणाऱ्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे आपले गृहपत्र मराठीत काढले, तेव्हा यंत्र विकणाऱ्याने आपल्या लोकांशी त्यांच्या भाषेत बोलावे हा विचार या भूमीत रुजलेलाच होता. शंभर वर्षांनंतर त्याच भूमीतल्या शेतकऱ्याच्या हाती इंग्रजी पुस्तिका द्यावी, आणि तीतही तेल बदलण्यापलीकडे काही असू नये, हे मला लाजिरवाणे वाटते.

कंपन्यांची कैफियत सर्वांना ठाऊक आहे. अडाणी हातांनी यंत्र उघडले तर अपघात होईल, आणि व्यापारी गुपिते फुटतील. पहिल्या आक्षेपातील चिंता खरी आहे. पण खेड्यातले यंत्र आजही उघडले जातेच, केवळ ते अंदाजाने उघडले जाते, आणि बोल्ट किती आवळायचा हे न कळलेल्या माणसाला ते सांगितल्याने धोका वाढतो असे कोणी म्हणेल तर मला ते पटणार नाही. गुपितांविषयी म्हणायचे तर, प्रतिस्पर्धी कंपनी बाजारातून एक यंत्र विकत घेऊन त्याचा पुर्जा न् पुर्जा सुटा करू शकते. म्हणजे गुपित राहते ते एकट्या गिऱ्हाइकापासून.

यासाठी नवा कायदा होईपर्यंत थांबण्याची गरज नाही, कारण सरकारच्या हाती एक परिणामकारक साधन आधीच आहे. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेतून ट्रॅक्टर, पॉवर टिलर आणि इतर अवजारांवर शेतकऱ्याला अनुदान मिळते, आणि त्यासाठी यंत्राची मान्यताप्राप्त केंद्रात चाचणी झालेली असावी लागते. या अटीला आणखी एक अट जोडावी: ज्या नमुन्याचे संपूर्ण दुरुस्तीपुस्तक आणि सुट्या भागांची यादी मराठीत कृषी विभागाच्या दफ्तरी दाखल झालेली नसेल, आणि मागेल त्याला विनामूल्य पाहता येत नसेल, त्या नमुन्याला महाराष्ट्रात अनुदान मिळू नये. कारखाना बंद पडला वा त्याने तो नमुना काढणे थांबवले, तरी दाखल झालेला मजकूर कायम खुला राहावा. भाषांतराचे काम औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ट्रॅक्टर मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकवणाऱ्या निदेशकांकडे द्यावे आणि प्रत्येक जिल्ह्यातील एक-दोन जुन्या मिस्त्रींना मानधन देऊन त्यांच्या शेजारी बसवावे, म्हणजे पुस्तकात शब्द येतील ते गॅरेजमध्ये बोलले जाणारे, आणि ज्या खुणा आज केवळ त्या मिस्त्रींच्या बोटांना ठाऊक आहेत त्याही त्याच पानांच्या समासात लिहिल्या जातील. ही दरखास्त मी याच स्वरूपात कृषी आयुक्तांकडे लेखी पाठवीत असून, ज्या शेतकऱ्यांचे वा मिस्त्रींचे यंत्र माहितीअभावी अडून राहिले आहे त्यांनीही यंत्राचा नमुना, बिघाडाचे स्वरूप आणि अडलेले दिवस यांची नोंद करून तपशिलासह आपापल्या तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे अर्ज द्यावेत, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.