मक्याच्या शेतातली आगबोट

शेत खणताना मोहरांचा हंडा सापडल्याच्या गोष्टी आपल्याकडे घरोघर ऐकायला मिळतात. अमेरिकेत कॅन्सस सिटीजवळ मात्र मक्याच्या शेताखाली चक्क एक आगबोट सापडली! तिचं नाव 'अरेबिया'.

१८५३ साली पेनसिल्व्हेनियात बांधलेली ही बोट १७१ फूट लांब होती. दोन्ही बाजूंना पाणी कापणारी अवाढव्य चाकं आणि पोटात धगधगणारे बॉयलर. त्या काळी मिसुरी नदीकाठच्या नव्या वस्त्यांना धड रस्ता नव्हता, रेल्वे नव्हती. सुईपासून करवतीपर्यंत सारं काही आगबोटीनंच यायचं. भोंगा वाजला की गाव धक्क्यावर लोटायचं. पैसेवाले उतारू वरच्या केबिनमध्ये, गरीब मात्र खाली, मालाच्या आणि जनावरांच्या सोबतीनं. भट्टीला सतत लाकूड लागे, म्हणून बोट काठावरच्या वखारींपाशी थांबे आणि खलाशी मोळ्या वाहून आणत. ही बोट राजकारणातूनही सुटली नाही. कॅन्ससमध्ये गुलामगिरी असावी की नसावी, यावरून रक्त सांडत होतं. मार्च १८५६ मध्ये गुलामगिरीविरोधकांसाठी निघालेल्या बंदुका याच बोटीवर पकडल्या गेल्या.

पण खरा वैरी होती नदीच. गढूळ पाणी, रोज जागा बदलणारे वाळूचे पट्टे आणि काठ ढासळून तळाशी रुतून बसलेली झाडं. सुकाणूवाल्यानं पाण्यावरच्या तरंगावरून तळातला धोका ओळखायचा! मिसुरीवरच्या बोटींचं आयुष्य त्यामुळे थोड्याच वर्षांचं असे.

५ सप्टेंबर १८५६. संध्याकाळ. उतारू जेवायला बसले होते आणि पाण्यात दडलेल्या अक्रोडाच्या बुंध्यानं बोटीचा तळ फोडला. काही मिनिटांतच दोनशे टन मालासह बोट तळाला टेकली. वरचा मजला पाण्याबाहेर राहिल्यामुळे सगळे उतारू वाचले. बळी गेला तो एका खेचराचा. ते इतकं हट्टी की जागचं हलेना, असं त्याच्या मालकानं सांगितलं.

पुढे नदीनं पात्र बदललं आणि बोटीवर शेती पिकू लागली. १९८८ साली हॉली पिता-पुत्रांनी मित्रांच्या मदतीनं ४५ फूट खोल खणून तिला गाठलं. आत व्हिस्कीची पिंपं असल्याची पिढ्यान्‌पिढ्यांची वदंता होती. पिंपं काही मिळाली नाहीत. मिळाले ते चार हजारांवर बूट, चिनी मातीची भांडी, गुंड्या, हत्यारं आणि लोणच्याच्या बाटल्या. एका धाडसी माणसानं ते लोणचं चाखून पाहिलं, तर ते अजून चांगलं होतं! हा सारा माल विकून पैसा करायचा मूळ बेत होता. पण वस्तू पाहिल्यावर त्यांचं मन फिरलं. १९९१ साली कॅन्सस सिटीत त्यांनी संग्रहालय उघडलं.

आणि ते खेचर? त्याचा सांगाडाही सापडला. तो बांधलेलाच होता. बिचाऱ्यावर लागलेला हट्टीपणाचा ठपका पुसला जायला तब्बल १३२ वर्षं लागली!