गुलाबी बोंडअळीच्या कार्यशाळेत सापळ्याची वही हवी

संशोधन संस्थेकडे कार्यशाळेचा प्रस्ताव पाठवायचा म्हटले की आपण प्रथम वक्त्यांची यादी करतो आणि मग तिला साजेसा विषय शोधतो. असे प्रस्ताव मीही लिहिले आहेत, म्हणून हा दोष इतरांवर ढकलण्याचा माझा हेतू नाही.

काही वर्षांपूर्वी कापूस कीड व्यवस्थापनाच्या एका कार्यशाळेत, शेवटच्या दहा मिनिटांत, एका शेतकऱ्याने विचारले, "सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की फवारणी करा, असे तुम्ही सांगता. आमची लागवड आता दाट आहे. आकडा तोच धरायचा का?" व्यासपीठावर आम्ही चौघे होतो. नेमके उत्तर कोणापाशीच नव्हते. सूत्रसंचालकांनी चहाची घोषणा केली. कार्यशाळेच्या अहवालात त्या प्रश्नाची नोंद नाही.

प्रश्न मात्र रास्त होता. दाट लागवडीत दर झाडाला बोंडे कमी असतात, एकरी झाडे अधिक असतात आणि बोंडे धरण्याचा काळही आखूड असतो. पतंगांच्या तेवढ्याच संख्येतून तेवढेच नुकसान होईल, असे गृहीत धरणे धाडसाचे आहे. आकडा चुकला तर एक तर फवारणी वाया जाते किंवा बोंडे हातची जातात. दोन जनुकांचे बीटी वाण २००६ मध्ये आले. २०१४-१५ च्या सुमारास गुजरातेत गुलाबी बोंडअळी त्यांना दाद देईनाशी झाली, २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्याने तिचा तडाखा सोसला आणि २०२१ मध्ये पंजाबातील भटिंडा, मानसा भागात तिने मोठे नुकसान केले. तिकडचे शेतकरी तिला 'गुलाबी सुंडी' म्हणतात. नाव बदलले, तरी पऱ्हाटीच्या गंजीत आणि जिनिंगमधील सरकीत सुप्तावस्थेत राहण्याची तिची खोड तीच आहे.

म्हणून माझा प्रस्ताव असा : नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने या एकाच प्रश्नावर दोन दिवसांची कार्यशाळा घ्यावी. सिरसा आणि कोइम्बतूर येथे तिची प्रादेशिक केंद्रे आहेत, त्यामुळे तिन्ही विभागांतील माणसे एकत्र आणणे तिला अवघड नाही. काळ फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा असावा. तोवर मध्य भारतातला हंगाम आटोपलेला असतो (फरदड ठेवली नसेल तर!) आणि उत्तरेतली पेरणी अद्याप लांब असते. मार्चअखेरीस निधी संपवण्यासाठी घेतलेल्या कार्यशाळेतून पेरणीपूर्वी काही हाती लागत नाही.

निमंत्रणाची अट एकच : येताना वही आणावी. कृषी सहायक असो, शेतकरी असो वा प्राध्यापक, प्रत्येकाने निदान एका शेतातील हंगामभराच्या नोंदी सोबत आणाव्यात. सापळ्यातील पतंगांची रोजची संख्या, ल्यूर बदलल्याची तारीख, डोमकळ्यांचे प्रमाण आणि एकरातून तोडलेल्या २० हिरव्या बोंडांपैकी किडकी किती, एवढे पुरे. ल्यूरची तारीख मी मुद्दाम घातली आहे. दोन महिन्यांच्या जुन्या ल्यूरवर पतंग आले नाहीत, तर शेत निर्धोक आहे असे नव्हे; पण आपल्या पुष्कळ तक्त्यांत हा रकानाच नसतो. झाडांतील व ओळींतील अंतरही लिहावे, कारण मूळ प्रश्न त्याचाच आहे.

पहिला दिवस संपूर्णपणे या वह्या ताडून पाहण्यासाठी द्यावा. व्याख्याने दुसऱ्या दिवशी, तीही वह्यांतून निघालेल्या शंकांपुरती. नोंदी विखुरलेल्या, अपुऱ्या असतील आणि संख्याशास्त्रज्ञ नाक मुरडतील, हे मान्य. त्यांतून नवा आकडा लगेच ठरणार नाही. परंतु प्रयोग कोठे आणि किती अंतरावरील लागवडीत घ्यावयाचे, हे तरी ठरेल. स्मृतिचिन्हे आणि पिशव्या वगळल्यास शेतकऱ्यांच्या प्रवासखर्चाची तरतूद होऊ शकते. हिंदी, तमिळ व मराठी जाणणारे दुभाषेही हवेत.

वह्या मात्र आताच सुरू व्हायला हव्यात. पेरणीनंतर साधारण ४५ दिवसांनी कामगंध सापळे लावण्याची शिफारस आहेच; त्याच दिवशी पहिली नोंद करावी.